घेरी, वृद्धांतील
उतारवयात डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोल जाणे किंवा भोवताल गरगरणे. कारणे बहुधा एकाहून अधिक असतात. कूस बदलताना वा वर पाहताना काही सेकंद गरगरत असेल, तर दोष बहुधा आंतरकर्णात असतो : तेथील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण सुटून अर्धवर्तुळाकार नलिकांत शिरतात. डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या एपली पद्धतीने ते पुन्हा जागी आणता येतात. इतका सोपा उपाय असताना अनेक वृद्ध वर्षानुवर्षे चकरेच्या गोळ्या घेत राहतात, हे क्लेशकारक आहे.

उभे राहताच अंधारी आल्यास रक्तदाब आधी झोपवून व मग उभे करून मोजावा. 3 मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरणे हे निदानाचे गमक. चांदूर बाजारसारख्या वऱ्हाडी तालुक्यात मे महिन्याच्या उन्हात शेतात वा संत्राबागेत राबणाऱ्या वृद्धांच्या अंगातील पाणी व मीठ घटते. त्यात रक्तदाबाची, लघवी वाढवणारी वा झोपेची गोळी चालू असल्यास धोका वाढतो. पंडुरोग, साखर उतरणे, हृदयाची अनियमित गती हीही कारणे. घेरीसोबत बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे वा हातपाय लुळे पडणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. तत्काळ 108 वर फोन करावा.