पुण्याच्या फुलपाखरांची यादी: एक कीटक, दोन नावे

१/ सन १८८५. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई आणि दख्खनमधील फुलपाखरे व पतंग यांची यादी चार भागांत प्रसिद्ध झाली. कर्ता होता कर्नल चार्ल्स स्विन्हो. त्या यादीत ‘पूना’ हे स्थलनाम पुन्हा पुन्हा येते. पुणे परिसरातील फुलपाखरांच्या शास्त्रीय नोंदीचा तो आरंभीचा महत्त्वाचा टप्पा. ती नोंद पुढे कशी दुरुस्त होत गेली, त्याचा हा थ्रेड.

२/ स्विन्हो पेशाने लष्करी अधिकारी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी तो एक. त्याच आठांत प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हेही होते.

३/ आणखी एक संस्थापक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म साताऱ्याचा, १८५१ चा. १८७० ते १८७६ या काळात त्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकविले आणि नंतर तो जकात व मीठ खात्यात रुजू झाला. या कथेत तो पुन्हा भेटेल.

४/ त्या काळची रीत अशी: जाळ्यात कीटक पकडायचा, मारून पंख पसरायचे, टाचणीवर सुकवायचा आणि खाली चिठ्ठी लावायची. जात ठरे ती पंखांवरून. ठिपके, रेषा, कडांची वळणे निराळी दिसली की जात निराळी, नाव निराळे. नमुने इंग्लंडला जात आणि निवाडाही बहुधा तिथेच होई.

५/ या रीतीला पुण्यासारख्या ठिकाणी एक मोठा धोका होता. पश्चिमेला सह्याद्रीचा धुवाधार पाऊस, पूर्वेला कोरडे पठार आणि मधोमध पुणे. जून ते सप्टेंबर हिरवळ, पुढे महिनोन्‌महिने वाळलेले गवत. एकाच वर्षात भूमीची दोन रूपे दिसतात. काही फुलपाखरेही तशीच दोन रूपे धारण करतात.

६/ ‘पीकॉक पॅन्सी’ हे त्याचे बोलके उदाहरण. पावसाळी पिढीच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या ऋतूतील पिढीचे पंख कोनदार आणि खालून थेट वाळल्या पानासारखे. पाचोळ्यात बसले की दिसेनासे होते. लिनिअसने १७५८ मध्ये या एकाच जातीला दोन नावे दिली होती: ‘अल्माना’ आणि ‘अ‍ॅस्टेरी’.

७/ मेलेल्या नमुन्यांची कितीही बारकाईने तुलना केली, तरी हा घोटाळा सुटण्याजोगा नव्हता. १८८० च्या दशकात कलकत्त्यात लायोनेल द निसव्हिलने सुरवंट पाळले आणि वेगळ्या मानलेल्या अशा काही जोड्या एकाच जातीच्या असल्याचे दाखविले. स्विन्होने नव्या म्हणून वर्णिलेल्या काही ‘जाती’ही पुढे जुन्याच जातींत विलीन झाल्या.

८/ मुंबई इलाख्यात हे काम कारवारकडे झाले. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता. तिथे एटकेन आणि सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन सुरवंट पाळू लागले. १८९० मध्ये त्यांनी इलाख्यातील सुरवंट व कोशांवरील टिपणे छापली. पुढे वनाधिकारी टी. आर. बेल त्यांना येऊन मिळाला.

९/ आता प्रश्न बदलला. ‘पंख कसा आहे?’ याच्या जोडीला ‘सुरवंट काय खातो?’ हेही विचारले जाऊ लागले. रुईवर वाढणारा सुरवंट निराळा, कढीपत्त्यावरचा निराळा. ‘कॉमन जेझेबेल’चे सुरवंट वाढतात बांडगुळावर! ज्या वनस्पतीचे नाव मराठीत शिवीसारखे वापरले जाते, तिच्यावाचून हे देखणे फुलपाखरू टिकत नाही.

१०/ बेलची मैदानी फुलपाखरांवरील लेखमाला १९०९ पासून, इव्हान्सचे ओळखसूचीचे पुस्तक १९२७ मध्ये, विंटर-ब्लाइथचा ग्रंथ १९५७ मध्ये. सारे इंग्रजीत. रूढ झालेली नावेही सार्जंट, कमांडर, लॅस्कर अशी. लष्कर आणि जहाजांच्या त्या जगाची छाप आजही त्यांवर दिसते.

११/ विसाव्या शतकाच्या अखेरीस कृष्णमेघ कुंटे यांनी उत्तर सह्याद्रीतील चार अधिवासांत फुलपाखरांची ऋतुनिहाय मोजणी केली. पावसाळ्याच्या अखेरीस आणि हिवाळ्याच्या आरंभी त्यांची संख्या अधिक असते, असे त्यांच्या १९९७ च्या निबंधातून दिसले. २००० मध्ये द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरील त्यांचे पुस्तक आले. एकही कीटक न मारता, केवळ निरीक्षणातून ओळख पटविण्याची वाट सामान्य हौशी अभ्यासकालाही खुली झाली.

१२/ २०१५ मध्ये ‘ब्लू मॉर्मॉन’ राज्य फुलपाखरू ठरले. असे फुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. पुढे राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांची मराठी नावे प्रसिद्ध केली. ‘ब्लू मॉर्मॉन’ झाले नीलवंत आणि बांडगुळावर वाढणारे ‘कॉमन जेझेबेल’ झाले हळदीकुंकू. पांढऱ्या-पिवळ्या पंखांच्या काठावर लाल ठिपक्यांची रांग पाहिली, की हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

१३/ मग १८८५ च्या यादीचे आज मोल काय? तिच्यातली काही नावे चुकली, पण ठिकाणाची नोंद टिकली. शहराने काय गमावले, हे ठरवायला पूर्वी काय होते ते ठाऊक असावे लागते आणि ते सांगणारी साक्ष या जुन्या चिठ्ठ्यांतच आहे.

१४/ मात्र ती साक्ष अपुरी आहे. उरलेला भाग सुरवंट पाळणाऱ्यांनी भरून काढला. ‘पीकॉक पॅन्सी’चा सुरवंट ओलसर काठांवरच्या तालीमखान्यावर जगतो. ते काठ कोरडे पडले, तर बागेत कितीही फुले लावून ते फुलपाखरू परतणार नाही. म्हणून जुन्या यादीतील प्रत्येक नावापुढे आज दोन प्रश्न लिहावे लागतात: हे पुण्यात अजून दिसते का? आणि त्याच्या सुरवंटाची वनस्पती कुठे उरली आहे?