शयनपिशवी

शयनपिशवी : उघड्यावर वा तंबूत झोपणाऱ्याचे थंडीपासून रक्षण करणारे, पिशवीच्या आकाराचे अंथरूण-पांघरूण. व्यवहारात ते ‘स्लीपिंग बॅग’ या नावानेच ओळखले जाते. महाराष्ट्रात त्याची गरज ज्या थोड्या भागांत प्रकर्षाने भासते, त्यांत नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव (अक्राणी) तालुक्याचा समावेश होतो. या तालुक्यातील तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मी., तर अस्तंभा शिखर सुमारे १,३२५ मी. उंच आहे. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते आणि थंड, जड हवा उतारावरून ओघळून दऱ्यांच्या तळाशी साचते. म्हणून ओढ्याकाठचा मुक्काम लगतच्या टेपाडावरील मुक्कामापेक्षा अधिक गार व दमट असतो. शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात काही हिवाळ्यांत दव गोठल्याचेही आढळले आहे.

या थंडीवरील जुने उपाय तीन : शेकोटी, गोधडी व घोंगडी. धनगरांनी दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून विणलेल्या घोंगडीस चिंचोक्याची खळ देतात. ती जड व खरखरीत असली, तरी ओली झाल्यावरही बरीचशी ऊब टिकविते. गोधडी जुन्या कपड्यांच्या थरांची असल्याने भिजली की निरुपयोगी होते. मात्र एका गोधडीत दोन-तीन भावंडे झोपू शकतात, हा तिचा गुण शयनपिशवीत सहसा नसतो.

पांघरुणाची पिशवी करण्याची कल्पना यूरोपातही प्रथम मेंढपाळी प्रदेशातच आढळते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी आपल्या प्रवासविद्येवरील ग्रंथात (१८५५) पिरेनीज पर्वतातील फ्रेंच जकात-रक्षक वापरीत असलेल्या मेंढीच्या कातड्याच्या पिशवीचे वर्णन केले आहे. वेल्समधील प्राइस प्राइस-जोन्स या व्यापाऱ्याने १८७६ मध्ये ‘युक्लिसिया रग’ या लोकरी पांघरुणाचे एकस्व घेतले. रशियन सैन्याने ही पांघरुणे मोठ्या संख्येने मागविली. परंतु रशिया-तुर्कस्तान युद्धात प्लेव्हना पडल्यावर (१८७७) उर्वरित मागणी रद्द झाली. नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडताना रेनडिअरच्या कातड्याच्या, प्रत्येकी तीन माणसांच्या पिशव्या नेल्या होत्या. गोधडीतील भावंडांचीच ही युक्ती होय.

कातड्याचे ओझे कमी झाले ते पिसांमुळे. पाळीव हंस व बदके यांच्या छातीवरील दांडा नसलेल्या मऊ पिसांना ‘डाऊन’ म्हणतात. जॉर्ज फिंच यांनी १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत फुग्याच्या कापडात आयडर बदकाची अशी पिसे भरलेला डगला वापरला. आरंभी त्याची थट्टा झाली, पण थंडीत तो सरस ठरला. पुढे गिर्यारोहणात पिसांच्या पिशव्या रूढ झाल्या. १९५४ मध्ये दार्जिलिंग येथे व १९६५ मध्ये उत्तरकाशी येथे स्थापन झालेल्या गिर्यारोहण संस्थांच्या शिबिरांतून त्यांचा परिचय महाराष्ट्रातील तरुणांनाही घडला.

पिसे स्वतः ऊब निर्माण करीत नाहीत. ती फुलून हवा अडवितात आणि ही स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. एक औंस पिसे किती घन इंच जागा व्यापतात, यावरून त्यांची प्रत ठरते. ६०० प्रतीची एक ग्रॅम पिसे सुमारे ३५० घ. सेंमी., तर ८०० प्रतीची सुमारे ४६० घ. सेंमी. जागा व्यापतात. उच्च प्रतीच्या पिसांची पिशवी तितकीच उबदार राहून हलकी होते, ती यामुळेच. अंगाखाली दबलेली पिसे मात्र जवळजवळ निकामी असतात. खाली चटई वा गवताचा थर नसेल, तर महागडी पिशवीही खडकाळ जमिनीवर गारठविते.

खरेदी करताना पिशवीवरील तापमानांपैकी कोणते पाहावे, याविषयी बराच घोटाळा होतो. २००२ मधील यूरोपीय मानक व त्यानंतरचे आंतरराष्ट्रीय मानक यांनुसार सुखद, किमान व आत्यंतिक अशी तीन तापमाने दिलेली असतात. त्यांतील आत्यंतिक तापमान हे झोपेचे नसून जीव कसाबसा वाचण्याचे असते. ते ठळक छापलेले पाहून पिशवी घेणारा रात्रभर कुडकुडतो. म्हणून निवड सुखद तापमानावरूनच करावी. तोरणमाळच्या बहुतेक रात्रींसाठी सुमारे ५° से. सुखद तापमानाची पिशवी पुरावी. दऱ्यांत मुक्काम असल्यास ०° से. ची घ्यावी. हिमालयासाठी बनविलेली पिशवी येथे अनावश्यक, किंबहुना अपायकारक ठरते : तीत घाम येतो आणि ओल पिसांत शिरते.

सातपुड्यात हलकेपणापेक्षा कोरडेपणाचा प्रश्न अधिक बिकट आहे. भिजलेल्या पिसांचे गोळे होतात व अडविलेली हवा निघून जाते. तंबूच्या आतील बाजूस साचलेले दव पिशवीला लागू देऊ नये. सकाळी ती उन्हात उलटी करून वाळवावी. पावसाळ्यात ती आवळून न ठेवता सैल सुती पिशवीत, हवेशीर जागी ठेवावी. भिजण्याचा संभव अधिक असल्यास कृत्रिम तंतूंची पिशवी घ्यावी. ती जड असते, पण ओलीतही काही ऊब देते.

दिवाळीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठी अस्तंभा चढणाऱ्या यात्रेकरूंना प्रत्येक किलोचे ओझे जाणवते. त्या चढावर किलोभराची पिशवी सोयीची खरी. परंतु मुक्कामी शेकोटी पेटली, की नायलॉनच्या पातळ कापडाला उडत्या ठिणगीने लगेच भोक पडते आणि त्यातून पिसे उडू लागतात. लोकर सहजासहजी पेट घेत नसल्याने शेकोटीलगत घोंगडीच पांघरावी आणि पिशवी तंबूत ठेवावी.