मोहाचे फूल आणि डब्याची चूल: वाणगावच्या मुलखात मद्यार्क चुलीपर्यंत का पोहोचला नाही?

१/
शीतपेयाचे दोन रिकामे ॲल्युमिनियमचे डबे. दोन्हींची बुडे कापून एकमेकांत घट्ट बसवायची, कडेने टाचणीने बारीक छिद्रे पाडायची आणि आत थोडे स्पिरिट ओतायचे. पाठीवर कमीत कमी ओझे घेऊन महिनोन्‌महिने चालणाऱ्या अमेरिकी भटक्यांमध्ये १९९०च्या दशकापासून ही घरगुती चूल लोकप्रिय झाली. तिचे वजन वीस ग्रॅमही भरत नाही. तिला पंप, पिन, वात यांपैकी काहीच लागत नाही.

२/
तिचे शास्त्र साधे आहे. इथेनॉल ७८ अंश सेल्सियसला उकळते. मधले स्पिरिट पेटले की डबा तापतो, दुहेरी भिंतीतील द्रवाची वाफ होते आणि ती छिद्रांतून बाहेर पडून निळ्या ज्योतीने जळते. काजळी जवळजवळ धरत नाही. उणीव एवढीच की वजनास वजन धरले तर रॉकेलपेक्षा उष्णता बरीच कमी मिळते. आणि उन्हात ज्योत दिसत नसल्यामुळे हात भाजण्याचा धोका असतो.

३/
कल्पना मात्र जुनी आहे. फ्रित्यॉफ नान्सेन आणि त्यांच्या पाच सोबत्यांनी १८८८ मध्ये ग्रीनलँडचे हिमपठार ओलांडले, तेव्हा त्यांच्या चुलीत स्पिरिटच जळत होते. स्वीडनच्या ट्रांगिया कंपनीची स्पिरिटची चूल १९५१ पासून गिर्यारोहकांच्या पाठपिशवीत आहे. मग ज्या मुलखात मद्यार्काचा कच्चा माल दर वसंतात झाडावरून आपोआप गळतो, तिथे अशी चूल का रुजली नाही?

४/
हा मुलूख वाणगावचा. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्यामधले हे स्थानक. पश्चिमेला समुद्रकिनारा, तर पूर्वेला गंभीरगडाच्या दिशेने चढत जाणारे डोंगर आणि त्यांतले वारली पाडे. फाल्गुन-चैत्रात, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेच्या सुमारास, इथे मोह फुलतो. पहाटे मांसल, फिकट पिवळी फुले जमिनीवर पडतात आणि उजाडताच वेचली जातात. वाळलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. ती भाजून, शिजवून खाल्ली जातात. धान्य संपत आलेल्या दिवसांत अनेक घरांना त्यांचाच आधार असे. भिजवून आंबवली आणि मडक्यांच्या भट्टीवर गाळली की दारू होते. ही दारू लग्नात लागे, देवालाही लागे.

५/
१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि ही घरची भट्टी गुन्हा ठरू लागली. सरकारला महसूल हवा होता. दारू ठरावीक ठिकाणी गाळायची, तिच्यावर कर घ्यायचा आणि विक्रीचे मक्ते द्यायचे, अशी व्यवस्था बसली. उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र होते. तिथल्या भट्ट्या बहुतांशी पारशी मालकांच्या होत्या आणि फुले पंचमहालासारख्या दूरच्या भागांतून येत. आपल्या दारातल्या फुलांची दारू गाळायला बंदी आणि दुकानातली दारू महाग, अशा कात्रीत डहाणूचा आदिवासी सापडला. साहजिकच रानातल्या चोरट्या भट्ट्या थांबल्या नाहीत.

६/
भट्टी सापडत नाही, तर फूलच धरावे, असे सरकारने ठरवले. १८९२ चा मोह कायदा हा त्याचा परिणाम. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याने मोहाची फुले गोळा करणे, बाळगणे आणि विकणे यांवर निर्बंध आले. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. मोह हे अन्न आहे, ही बाजू महसुलापुढे टिकली नाही. घरात साठवलेले खाद्य संशयाचा पुरावा ठरणे, हे वसाहती कायद्यांतही विरळाच म्हणावे लागेल.

७/
योगायोग असा की त्याच १८९२ साली स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांचा प्रायमस स्टोव्ह आकाराला आला. पुढे तो मराठी घराघरांत पोहोचला. त्याचे इंधन रॉकेल; परंतु बर्नर आधी तापवल्याशिवाय रॉकेलची वाफ होत नाही. त्यासाठी काकडा स्पिरिटमध्ये किंवा रॉकेलमध्ये भिजवून पेटवत. मराठी स्वयंपाकघरातील मद्यार्काचे स्थान एवढेच: काकड्यापुरते.

८/
तेही कोणते स्पिरिट? जळणासाठी करमुक्त मद्यार्क द्यायचा तर लोक तो पितील, या भीतीवर ब्रिटनने १८५५ मध्ये तोडगा काढला होता: त्यात मेथिल अल्कोहोलयुक्त लाकडी स्पिरिट मिसळायचे. यालाच मेथिलेटेड स्पिरिट म्हणतात. थोडक्यात, इंधन स्वस्त ठेवण्यासाठी ते विषारी केले गेले. गरिबीने आणि व्यसनाने गांजलेल्यांसाठी या तोडग्याची किंमत भयंकर ठरली. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत मेथिल अल्कोहोलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली.

९/
स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला, बंधन राहिले. महसुलाची जागा नीतीने घेतली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुलांवर निर्बंध होतेच, शिवाय डिनेचर्ड स्पिरिटही त्याच्या कक्षेत आले; ते पिण्याजोगे करण्याचा प्रयत्न गुन्हा ठरला. लगेच आधीच्या वर्षी, १९४८ मध्ये, केंद्राने पेट्रोलमध्ये मिसळायच्या मद्यार्कासाठी ‘पॉवर अल्कोहोल’ कायदा केला होता. मोटारीच्या टाकीत मद्यार्काला मान मिळाला, चुलीत मात्र नाही.

१०/
चुलीचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला, पण मोहाच्या नव्हे, उसाच्या आणि ज्वारीच्या मुलखात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेनॉलवर चालणारी चूल तयार केली. गोड ज्वारीच्या ताटांच्या रसापासून मद्यार्क मिळवता येतो, हा संस्थेच्या कामाचा एक धागा होता. या चुलीचे वैशिष्ट्य असे की तिला शुद्ध मद्यार्क लागत नाही. निम्मे इथेनॉल आणि निम्मे पाणी असले तरी ती जळते. पाण्यामुळे भडका उडण्याचा धोका कमी होतो आणि इतका मद्यार्क काढायला मोठा कारखाना लागत नाही. तांत्रिकदृष्ट्या खेडे आपले इंधन आपणच गाळू शकले असते. अबकारी कायद्याच्या दृष्टीने मात्र असे मिश्रण हे इंधन असण्याआधी दारू असते.

११/
इथे एक भाबडा निष्कर्ष टाळायला हवा. कायदा नसता तर प्रत्येक वारली घरात मद्यार्काची चूल पेटली असती, असे नाही. भट्टीला स्वतःलाच सरपण लागते, आणि जिथे सरपण हाताशी आहे तिथे फुले गाळून पुन्हा जाळणे हा तोट्याचा व्यवहार. शिवाय जे फूल खाता येते, ते चुलीत कोण घालील? पण ही निवड त्या घरांची असायला हवी होती, आणि १८९२ नंतर ती त्यांची उरली नाही.

१२/
महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध उठवले. मोह कायद्याला तोवर १२९ वर्षे झाली होती. आता वाणगावच्या पूर्वेकडील पाड्यांत चैत्राच्या पहाटे वेचलेली टोपली झाकून न्यावी लागत नाही. ती फुले गाळायची असतील, मग ती पेल्यासाठी असोत वा डब्याच्या चुलीसाठी, परवाना आजही लागतो.