अश्रुमार्गावरील शस्त्रक्रियेनंतर निचऱ्याचे मूल्यमापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. येथील कामगाराच्या डोळ्यातून सतत पाणी येत असल्यास त्यामागे दोन भिन्न कारणे संभवतात. सुताच्या तंतूंनी व धुळीने डोळा चुरचुरतो आणि अश्रू अधिक निर्माण होतात. किंवा नासाश्रुनलिका बंद झाल्याने अश्रूंचा निचरा होत नाही. शस्त्रक्रियेचा उपयोग केवळ दुसऱ्या प्रकारात होतो. शस्त्रक्रियेनंतरही पाणी येत राहिल्यास दोष कोठे आहे, हे ठरविणे आवश्यक असते. या निर्णयासाठी वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

शस्त्रक्रियेचा विकास

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्राच्या संधिगत रोगांमध्ये चार प्रकारचे स्राव वर्णिले आहेत. युरोपात फ्रेंच शल्यविशारद डॉमिनिक आनेल यांनी 1713 मध्ये बारीक पिचकारीने अश्रुमार्ग धुण्याची पद्धत मांडली. इटलीतील आद्देओ तोती यांनी 1904 मध्ये अश्रुपिशवीपासून नाकात थेट नवा मार्ग काढण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. ‘डीसीआर’ या संक्षिप्त नावाने ती आज ओळखली जाते. 1921 मध्ये द्युपुई-द्युताँ व बूर्गे यांनी पिशवीचे व नाकाचे अंतःस्तर एकमेकांस शिवण्याची सुधारणा केली. 1989 पासून नाकातील दुर्बिणीद्वारे ही शस्त्रक्रिया रूढ होऊ लागली.

मूल्यमापनाच्या पद्धती

पिचकारीने सोडलेले पाणी घशात उतरले, की मार्ग मोकळा आहे असे मानले जाई. परंतु पिचकारीचा दाब कृत्रिम असतो. नैसर्गिक अवस्थेत पापण्यांच्या उघडझापीने अश्रू पुढे ढकलले जातात. चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्या रुग्णात मार्ग मोकळा असूनही डोळा पाणावतो, तो यामुळेच.

ही उणीव विसाव्या शतकात क्रमाने भरून निघाली. यूइंग यांनी 1909 मध्ये क्ष-किरणांनी अश्रुमार्गाचे चित्रण केले. मात्र त्यातून रचना कळे, कार्य नव्हे. लेस्टर जोन्स यांनी डोळ्यात फ्लुरोसिन रंग घालून तो नाकात उतरतो का, हे पाहण्याची चाचणी प्रचारात आणली. 1972 मध्ये झाप्पिया व मिल्डर यांनी पाच मिनिटांनंतर डोळ्यात किती रंग उरतो, यावर भर दिला. त्याच वर्षी किरणोत्सारी थेंबाचा प्रवास टिपणारी पद्धतही प्रसिद्ध झाली. 1990 मध्ये मंक व सहकाऱ्यांनी रुग्णास दिवसातून किती वेळा डोळा पुसावा लागतो, यावरून श्रेणी ठरविली. अशा रीतीने रुग्णाचे सांगणेही मोजमापात समाविष्ट झाले.

स्थानिक संदर्भातील महत्त्व

किरणोत्सारी तपासणीस खर्चिक यंत्रणा लागते. रंग ओसरण्याच्या चाचणीस मात्र फ्लुरोसिनची पट्टी, निळा प्रकाश व घड्याळ पुरेसे असते. त्यामुळे लहान रुग्णालयातही ती शक्य आहे. रंग वेळेत ओसरला आणि तरीही कामगार दिवसभर डोळे पुसत असेल, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी त्याच्या कामाच्या जागेतील धुळीकडे, तसेच पापण्यांच्या व डोळ्याच्या पृष्ठभागाच्या विकारांकडे लक्ष देणे इष्ट ठरते.

समारोप

मार्ग उघडणे आणि डोळा कोरडा राहणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे वैद्यकास उमगण्यास दीर्घ काळ लागला. पिचकारीची चाचणी पहिल्या गोष्टीची साक्ष देते. रंगाची चाचणी व रुग्णाचे कथन दुसऱ्या गोष्टीची. या तिन्हींचा मेळ घातल्यासच शस्त्रक्रियेच्या यशाचे न्याय्य मूल्यमापन होऊ शकते.