पहिले वर्ष : सातारा-सांगलीतील अभियांत्रिकी विद्यार्थ्याचा इतिहास

1/ अभियांत्रिकी महाविद्यालयांचा इतिहास बहुधा संस्थापक, इमारती आणि नामवंत माजी विद्यार्थी यांच्या अंगाने सांगितला जातो. त्यात पहिल्या वर्षाचा उल्लेख क्वचितच येतो. वास्तविक, गावच्या मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी या वर्षात टिकतो की नाही, यावरच या संस्थांचा सामाजिक परिणाम ठरत आला आहे. हा धागा त्या वर्षाविषयी.

2/ प्रथम भूगोल. आजचा सांगली जिल्हा 1 ऑगस्ट 1949 रोजी ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हा जुन्या साताऱ्याचा भाग. त्यास सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा मुलूख जोडला गेला. ‘सांगली’ हे जिल्ह्याचे नाव नोव्हेंबर 1960 मधले. म्हणून या दोन जिल्ह्यांचा शैक्षणिक इतिहास वेगवेगळा लिहिता येत नाही.

3/ यंत्रविद्या येथे महाविद्यालयांच्या आधी आली. 1910 साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली व लोखंडी नांगर घडू लागले. कराडजवळ ओगलेवाडीत काचेचा कारखाना उभा राहिला. तेथील कामगार काम करता करता शिकले. अभियांत्रिकीची पदवी हवी असल्यास मात्र प्रामुख्याने पुणे गाठावे लागे.

4/ ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेला एक विक्रेता पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखला गेला. त्यांनी 1919 मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत आणि श्रम करून शिकत.

5/ या वसतिगृहाचा अभियांत्रिकीशी थेट संबंध नाही. तरीही ते येथे महत्त्वाचे आहे. घर सोडून परक्या मुलांत राहणे, स्वतःचे कपडे धुणे, पैशांचा हिशेब ठेवणे हे सारे शिकावे लागते. या परिसरातील कित्येक शेतकरी कुटुंबांतील पहिल्या शिकणाऱ्या पिढीने हे धडे शालेय वयातच गिरवले.

6/ 1947 हे वर्ष निर्णायक ठरले. साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावरचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. त्याच वर्षी सांगलीत धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केले. 1955 मध्ये त्यास उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. पदवीसाठी पुण्यालाच जाण्याची सक्ती सरली.

7/ कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 चे, तर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ 1962 चे. तेव्हा शालान्त परीक्षा अकरावीला होई. त्यानंतर विज्ञान महाविद्यालयात काही काळ इंग्रजीतून शिकून विद्यार्थी अभियांत्रिकीकडे वळे. सांगलीत विश्रामबागेतच 1919 चे विलिंग्डन महाविद्यालय होते. भाषेचा पहिला धक्का अनेकांना अशा वर्गात बसे.

8/ दुसरा धक्का ड्रॉइंग हॉलमध्ये. मोठा फळा, टी-स्क्वेअर (पुढे ड्राफ्टर) आणि कोरा कागद. समोर वस्तू नसताना ती वरून, समोरून व बाजूने कशी दिसेल, हे रेषांत उतरवायचे. येथे पाठांतर चालत नाही. शाळेत पहिला आलेला विद्यार्थीही याच शीटपाशी अडतो आणि रात्री जागून ती पुन्हा काढतो.

9/ वर्कशॉपमध्ये चित्र काहीसे उलटते. फिटिंगमध्ये लोखंडी तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा. सुतारकामात सांधा जुळवायचा. विहिरीवरचे इंजिन खोललेल्या मुलाला अवजारांची भीती नसते. त्याच्या हातात कौशल्य असते. परीक्षेत मात्र तेच इंग्रजीत लिहावे लागते. पहिल्या वर्षाची खरी अडचण येथे आहे : जे येते ते मोजले जात नाही.

10/ 1983 मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी केली. दादा सांगली जिल्ह्यातले, स्वतः फारसे औपचारिक शिक्षण न लाभलेले. त्याच वर्षी वाळवा तालुक्यात साखर कारखान्याच्या परिसरात आज राजारामबापू पाटील यांच्या नावे असलेली अभियांत्रिकी संस्था निघाली. जागा वाढल्या, शुल्कही वाढले. देणग्यांना आळा घालण्यासाठी राज्याला 1987 मध्ये कायदा करावा लागला.

11/ यामुळे नापास होण्याचा अर्थ बदलला. ‘केटी’ म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणे. ‘इयर डाऊन’ म्हणजे अख्खे वर्ष गमावणे. शुल्कासाठी कर्ज काढलेल्या घरात गणिताचा एक पेपर राहणे ही केवळ विद्यार्थ्याची गोष्ट उरली नाही. ते पत्र घरी कसे सांगावे, हाही प्रश्न झाला.

12/ वसतिगृहातील छळाला ‘ओळख परेड’ म्हणण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. महाराष्ट्राने 1999 मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला; त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. 2009 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी नवागतांची निवासव्यवस्था वेगळी ठेवण्यास सांगितले. नव्या मुलाचे भय ही संस्थेची जबाबदारी आहे, हे मान्य व्हायला इतका काळ लागला.

13/ भाषेचा प्रश्न त्याहून मंदगतीने हलला. 2021 मध्ये अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकवण्यास मान्यता मिळाली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग जाहीर केला. पाठ्यपुस्तके, शिक्षक व पुढील नोकरी यांविषयीचे प्रश्न त्याने सुटलेले नाहीत.

14/ सारांश : 1947 ने अंतर कमी केले, 1983 ने जागा वाढवल्या, 1999 ने भय कमी करण्याचा प्रयत्न केला. प्रवेश मिळवून देणारे निर्णय ठळकपणे नोंदले गेले. प्रवेशानंतरच्या पहिल्या बारा महिन्यांना मात्र धोरणात उशिरा स्थान मिळाले. भाऊरावांनी 1924 मध्येच ओळखले होते की, शाळेत नाव घालणे पुरेसे नाही. मुलाला तेथे राहता आले पाहिजे.