पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल : रचना, आग आणि पुनर्बांधणी

फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे सेन नदीच्या पात्रात 'इल द ला सिते' नावाचे बेट आहे. ह्या बेटावर पवित्र मरियेला समर्पित केलेले नोत्र दाम कॅथेड्रल उभे आहे. 'नोत्र दाम' ह्या फ्रेंच शब्दांचा अर्थ 'आमची स्वामिनी' असा होतो. पॅरिसच्या आर्चबिशपांचे हे पीठस्थान होय. दि. १५ एप्रिल २०१९ रोजी, पवित्र आठवड्यातील सोमवारी, ह्या मंदिराच्या छपराला आग लागली आणि जगभरच्या भाविकांनी ते दृश्य डोळ्यांत पाणी आणून पाहिले. दि. ७ डिसेंबर २०२४ रोजी त्याची द्वारे पुन्हा उघडली. ह्या लेखात आम्ही ह्या मंदिराच्या रचनेची आणि इतिहासाची ओळख करून देत आहोत. मंदिर इतकी शतके उभे कसे राहिले आणि आगीतून वाचले कसे, ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्याच्या रचनेतच सापडते.

पायाभरणी

मोरीस द सुली हे सामान्य कुटुंबात जन्मलेले धर्मगुरू ११६० साली पॅरिसचे बिशप झाले. त्या काळी तेथे संत स्तेफन ह्यांच्या नावाचे जुने कॅथेड्रल होते. वाढत्या शहराला ते अपुरे पडू लागल्याने त्याच्या जागी नवे मंदिर बांधण्याचा संकल्प त्यांनी सोडला. परंपरेनुसार ११६३ साली पोप अलेक्झांडर तिसरे ह्यांच्या उपस्थितीत पायाचा दगड बसवण्यात आला. वेदीकडील भाग आधी पूर्ण झाला आणि ११८२ साली मुख्य वेदीचे अभ्यंग झाले. ११९६ साली बिशप मोरीस ह्यांचे निधन झाले, तेव्हा वेदीकडील छपरावर घालावयाच्या शिशासाठी त्यांनी आपल्या मृत्युपत्रात रक्कम ठेवली होती. पश्चिमेकडील दर्शनी भाग आणि ६९ मीटर उंचीचे दोन मनोरे मात्र १३ व्या शतकाच्या मध्यास पुरे झाले. ज्यांनी संकल्प सोडला, त्यांनी ते मनोरे पाहिले नाहीत. ज्या स्थपतीने पहिला आराखडा आखला, त्याचे नावही इतिहासाला ठाऊक नाही.

दगडांचा तोल

नोत्र दाम गॉथिक शैलीत बांधलेले आहे. गॉथिकपूर्व शैलीला रोमनेस्क म्हणतात. त्या शैलीतील मंदिरांत अर्धगोल कमानी, जाड भिंती आणि लहान खिडक्या असत. दगडी छताचे वजन केवळ खाली येत नाही, तर ते भिंतींना बाहेरच्या बाजूलाही ढकलते. म्हणून भिंत जाड ठेवावी लागे, आणि भिंत जाड ठेवली की खिडकी मोठी करता येत नसे. मंदिर भक्कम होई, पण आत अंधार राही.

गॉथिक कारागिरांनी ह्यावर तीन उपाय योजले. पहिला उपाय टोकदार कमानीचा. ती अर्धगोल कमानीपेक्षा भिंतीला कमी ढकलते. दुसरा उपाय दगडी बरगड्यांचा. छताखाली एकमेकींना छेदणाऱ्या बरगड्या घातल्याने छताचा भार ठरावीक खांबांवर आणता येतो. तिसरा उपाय म्हणजे फ्लाइंग बट्रेस, अर्थात मंदिराच्या बाहेरून भिंतीला टेकलेली उडती कमान. ती छताचा रेटा दूरच्या भक्कम आधारस्तंभांकडे नेते आणि तेथून तो जमिनीत उतरतो. आज नोत्र दामला दिसणाऱ्या ह्या कमानी मुळातल्या जशाच्या तशा नाहीत. १३ व्या आणि १९ व्या शतकांत त्या बदलण्यात व दुरुस्त करण्यात आल्या.

ह्या रचनेमुळे सुमारे १२८ मीटर लांबीचे आणि आत सुमारे ३३ मीटर उंचीचे छत असलेले हे मंदिर उभे राहू शकले. भिंतींवरचा भार हलका झाल्याने तेथे मोठ्या खिडक्या आल्या. १३ व्या शतकात खिडक्या आणखी मोठ्या करण्यात आल्या. क्रूसाकृती आराखड्याच्या दोन भुजांच्या टोकांना सुमारे १३ मीटर व्यासाच्या गुलाबाकृती खिडक्या बसवल्या गेल्या. ह्या भुजांच्या कामात ज्यां द शेल आणि प्येर द मोंत्रई ह्या स्थपतींची नावे मिळतात. रंगीत काचांतून येणाऱ्या प्रकाशात भाविकांना पवित्र शास्त्रातील प्रसंग दिसत. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी ही धर्मशिक्षणाची शाळाच होती.

मुंबईतील वाचकांना गॉथिक शैली अगदीच अपरिचित नाही. बांद्रे येथील माऊंट मेरी बॅसिलिका आणि कुलाब्याचे होली नेम कॅथेड्रल ही विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेली मंदिरे ह्याच शैलीच्या पुनरुज्जीवनातून निर्माण झाली.

पडझड आणि पहिला जीर्णोद्धार

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात नोत्र दामवर मोठे संकट आले. १७९३ साली दर्शनी भागावरील यहुदाच्या २८ राजांचे पुतळे फ्रान्सचे राजे समजून फोडण्यात आले. मंदिर 'बुद्धीचे मंदिर' म्हणून घोषित झाले आणि पुढे ते कोठारासारखे वापरले गेले. १८०२ साली तेथे पुन्हा कॅथोलिक उपासना सुरू झाली. फोडलेल्या पुतळ्यांपैकी २१ शिरे १९७७ साली पॅरिसमधील खोदकामात सापडली.

उपासना परत आली, तरी इमारत जीर्णच राहिली. १८३१ साली व्हिक्टर ह्यूगो ह्यांची नोत्र दामवरील कादंबरी प्रसिद्ध झाली आणि लोकांचे लक्ष ह्या दुरवस्थेकडे वेधले गेले. १८४४ पासून लासू आणि व्हियोले-ल-द्युक ह्या स्थपतींनी जीर्णोद्धार हाती घेतला व १८६४ साली तो पुरा झाला. मूळ निमुळता मनोरा १८ व्या शतकाच्या अखेरीस उतरवण्यात आला होता. त्याच्या जागी व्हियोले-ल-द्युक ह्यांनी ओक लाकूड आणि शिसे ह्यांचा नवा मनोरा उभारला. त्याचे टोक जमिनीपासून सुमारे ९६ मीटर उंच होते.

आगीची रात्र

मंदिराच्या दगडी छतावर मध्ययुगीन ओक तुळयांचे दाट जाळे होते. फ्रेंच लोक त्याला 'अरण्य' म्हणत. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी हे अरण्य पेटले. व्हियोले-ल-द्युक ह्यांचा मनोरा कोसळला आणि दगडी छताला तीन ठिकाणी खिंडारे पडली. उत्तरेकडील घंटामनोऱ्यातही आग शिरली, पण अग्निशामक जवानांनी जीव धोक्यात घालून ती विझवली. प्रभू येशूचा म्हणून पूजिला जाणारा काट्यांचा मुकुट सुरक्षित बाहेर काढण्यात आला. एकही जीव गेला नाही.

छताचा बहुतेक भाग टिकला, कारण लाकडी छपराखालच्या दगडी छताने आग वरच्यावर अडवली. गुलाबाकृती खिडक्या वाचल्या. कोसळलेल्या ढिगाऱ्याच्या अगदी जवळ असलेली, १४ व्या शतकातील पवित्र मरियेची मूर्तीही जागीच सुरक्षित राहिली.

धोका मात्र टळला नव्हता. दगडी छत आतून ढकलते आणि उडत्या कमानी बाहेरून रेटून धरतात, म्हणून भिंती उभ्या राहतात. छताचा आणखी भाग पडला असता, तर आतील रेटा नाहीसा होऊन बाहेरच्या कमानींनीच भिंती आत ढकलल्या असत्या. म्हणून प्रत्येक कमानीखाली तिच्या आकाराचा भक्कम लाकडी सांगाडा बसवण्यात आला. आगीच्या उष्णतेने वितळून एकमेकांत अडकलेली दुरुस्तीची पोलादी परांची नोव्हेंबर २०२० पर्यंत काळजीपूर्वक काढण्यात आली.

पुनर्बांधणी

मनोरा नव्या धर्तीचा असावा की पूर्वीसारखा, ह्यावर बराच वाद झाला. जुलै २०२० मध्ये तो पूर्वीसारखाच बांधण्याचे ठरले. अमेरिकेतील कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन ह्यांनी २०१० साली लेझर किरणांनी मंदिराचे मोजमाप केले होते. २०१८ साली त्यांचे निधन झाले, परंतु त्यांनी ठेवलेली मापे पुढे स्थपतींच्या उपयोगी पडली. छपरासाठी आणि मनोऱ्यासाठी सुमारे २००० ओक वृक्ष निवडण्यात आले. अनेक तुळया सुतारांनी मध्ययुगीन पद्धतीने कुऱ्हाडीने तासल्या. नव्या छपरात पाण्याचे तुषार सोडणारी अग्निरोधक यंत्रणाही बसवण्यात आली.

ह्याच काळात संशोधकांना आढळले की, १२ व्या शतकातील कारागिरांनी दगड जोडण्यासाठी मोठ्या संख्येने लोखंडी आकडे वापरले होते. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला.

डिसेंबर २०२३ मध्ये मनोऱ्याच्या टोकावर नवा सोनेरी कोंबडा बसवण्यात आला. त्याच्या आत संतांच्या पवित्र अवशेषांबरोबर पुनर्बांधणीसाठी राबलेल्या सुमारे २००० जणांची नावेही ठेवलेली आहेत. दि. ७ डिसेंबर २०२४ रोजी आर्चबिशप लोरां उल्रिक ह्यांनी बंद द्वारावर आपल्या धर्मदंडाने ठोठावले. जळालेल्या छपरातून वाचलेल्या तुळईच्या लाकडातून तो धर्मदंड घडवला होता. दुसऱ्या दिवशी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला, नव्या वेदीचे अभ्यंग झाले. काट्यांचा मुकुट १३ डिसेंबर रोजी मंदिरात परतला.

आपल्यासाठी बोध

आपले जुने चर्च दुरुस्त करावे की पाडून नवे बांधावे, असा प्रश्न धर्मग्रामापुढे येतो, तेव्हा नोत्र दामचा इतिहास स्मरावा असे आम्हांला वाटते. बिशप मोरीस ह्यांनी स्वतः जुने कॅथेड्रल उतरवून नवे बांधले, तेव्हा नवे बांधणे हे चूक नव्हे. परंतु निर्णयापूर्वी इमारत कशाच्या आधारावर उभी आहे हे जाणकारांकडून समजून घ्यावे, तिची मोजमापे व छायाचित्रे जतन करावीत, आणि गळके छप्पर किंवा सैल झालेला दगड ह्यांची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलू नये. मंदिर एका पिढीच्या मालकीचे नसते. पूर्वजांनी ते आपल्या हाती सोपवले आहे, आणि आपल्यालाही ते पुढच्यांच्या हाती सोपवायचे आहे.