बाबासाहेब सगळ्यांचे, पण चित्र कुणाचं?

१४ एप्रिलचा फ्लेक्स आमच्या तालुक्याच्या चौकात लागला तेव्हा मीही त्याखाली उभा राहून सेल्फी काढला होता. निळ्या रंगातले बाबासाहेब, नजर थेट समोर. चित्र इन्स्टाग्रामवरून उचललेलं. कोपऱ्यात चित्रकाराची सही होती, ती कापली, कारण तिथे आम्हा सात कार्यकर्त्यांचे फोटो बसवायचे होते. चार दिवसांनी त्या मुलीचा मेसेज आला. तीही आपल्याच समाजातली. पैसे मागितले नाहीत. एवढंच विचारलं, "दादा, माझी सही कुठं गेली?" आमच्याकडून उत्तर गेलं, "ताई, बाबासाहेब काय तुमच्या मालकीचे आहेत का?" मी ते वाचलं आणि गप्प बसलो.

मित्रांनो, हे उत्तर टाळ्या मिळवणारं आहे, पण चूक आहे. बाबासाहेब कुणाच्या मालकीचे नाहीत, मान्य. पण ते चित्र तिच्या श्रमाचं आहे. आणि श्रम एकाचे, नाव दुसऱ्याचं, ही रीत कुणाची आहे हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आपल्याच परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड घ्या. जनाबाई इथल्या. नामदेवांच्या घरी दासी. दळण, कांडण, शेण-गोवऱ्या, सगळं दुसऱ्याच्या घरचं. तिचं स्वतःचं म्हणावं असं काय होतं? अभंगाच्या शेवटी येणारं 'जनी' हे नाव. सातशे वर्षांनंतर आपण तिला ओळखतो ते या दोन अक्षरांमुळे. हे नाव म्हणजे त्या काळची सही. ती चोरणारेही तेव्हा होतेच. सालोमालो तुकोबांच्या अभंगांत स्वतःचं नाव घालून ते गायचा, असं वारकरी परंपरा सांगते, आणि तुकोबांनी त्याला नाव घेऊन अभंगात झोडपलं आहे. प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटातला खलनायक तो हाच.

आपल्या जलशांनी आणि गायन पार्ट्यांनी हीच नाममुद्रा पुढे चालवली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफायचे. गायकाने ते कडवं गाळलं की दादा गेले! त्यांची गाणी गाऊन कितीतरी जण मोठे झाले. आज लग्नात, जयंतीत डीजेवर वाजणाऱ्या भीमगीतांचे कवी कोण, हे आपल्या पोरांना विचारून बघा.

कुणी म्हणेल, वामनदादांची गाणी गाताना परवानगी कोण मागत होतं? खरं आहे. पण तेव्हा गाणं तोंडातोंडी जिंतूरला पोचायचं आणि कवीचं नाव गाण्याच्या पोटात बसून यायचं. चित्रात नाव कोपऱ्यात असतं, एका क्लिकमध्ये जातं. शिवाय तेव्हा विचारायला नाशिक जिल्हा गाठावा लागला असता. आता ज्या पानावरून चित्र उचलतो त्याच पानावर मेसेजचं बटण आहे.

आणि बाबासाहेबांनी स्वतः काय केलं? १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषण वाचून मंडळी घाबरली, काही भाग गाळा म्हणाली. मंडळ सुधारकांचं होतं, हेतूही जातिनिर्मूलनाचा. तरी २७ एप्रिलच्या पत्रात बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद बारगळली. त्यांनी स्वतःच ते भाषण छापलं. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. किंमत आठ आणे. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये ती कमी करायला सुचवलं, तो भाग वेगळा. 'चळवळीसाठीच तर वापरतोय' ही सबब तेव्हाही होती. लिहिणाऱ्याच्या शब्दाला हात लावायचा तर त्याला विचारावं लागतं, आणि तो नाही म्हणू शकतो, एवढं बाबासाहेबांनी तिथे ठणकावलं.

२०२३ मध्ये 'मेड इन हेवन' या वेबमालिकेतल्या दलित लेखिकेच्या पात्रावरून यशिका दत्त यांनी श्रेय मागितलं. निर्मात्यांनी दावा नाकारला. तेव्हा आपल्यातले कितीतरी जण यशिकाच्या बाजूने तावातावाने लिहीत होते. मुंबईच्या मोठ्या कंपनीला एक न्याय आणि आपल्या जयंती मंडळाला दुसरा?

कायदाही तिच्याच बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यावरही कलाकृती आपली असल्याचं सांगण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. चित्राची नोंदणी केलेली असावी लागत नाही. पण मला कायद्यापेक्षा दुसरं शील जास्त टोचलं. दर वंदनेला आपण म्हणतो, अदिन्नादानापासून अलिप्त राहीन. अदिन्न म्हणजे न दिलेलं. तिथे 'महाग वस्तू' असं म्हटलेलं नाही, 'परक्याची वस्तू' असंही नाही. दिलेली नसेल तर घेऊ नये, बस्स. मग ती दिलेली कशी होणार? विचारल्यावर!

बैठकीत मी हे मांडलं तेव्हा दीड तास भांडण झालं. शेवटी आम्ही तिची माफी मागितली आणि यंदा चित्र वापरू का, असं विचारलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. वापरा, पैसे नकोत. सही कापायची नाही, रंग बदलायचे नाहीत, टी-शर्टवर छापून विकायचं नाही.

यंदाच्या फ्लेक्सवर सहाच फोटो आहेत. सातव्याची जागा सहीला गेली. तो कार्यकर्ता अजून रुसलेला आहे.

जयभीम!